महिला व्यावसायिक क्रीडासंघ : मालकी व संचालन

मोबदला देऊन महिला खेळाडूंना नियमित स्पर्धेत उतरवणारा संघ धारण करणे व चालवणे, असा या संज्ञेचा स्थूल अर्थ. ‘मालकी’ हा शब्द रूढ असला तरी फसवा आहे. युरोपातील फुटबॉल क्लबांत मालकाकडे संस्था, कधी मैदान आणि खेळाडूंची नोंदणीही असते. फ्रँचायझी पद्धतीत मात्र त्याच्या हाती मुख्यतः एक परवाना असतो : अमुक स्पर्धेत, अमुक नावाने, अमुक मुदतीपर्यंत संघ उतरवण्याचा. मैदान दुसऱ्याचे, स्पर्धा ती भरवणाऱ्या मंडळाची, खेळाडू कराराने बांधलेल्या. बडोद्यात या प्रथेचे दर्शन २०२५ मध्ये महिला प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेमुळे झाले, पण बडोद्याचा म्हणावा असा संघ त्यात नव्हता.

उगम : पहिला महिला व्यावसायिक संघ कोणता याविषयी मतभेद आहेत, आणि वादाचे मूळ तारखांपेक्षा व्याख्येत आहे. तिकीट लावून सामने हा निकष धरल्यास इंग्लंडमधील १८९५ च्या सुमाराचा ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’ आधीचा ठरतो. पण तो हौशी मंडळींनी उभा केला होता, त्याला आजच्या अर्थाने मालक नव्हता. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ कारखान्याच्या कामगार मुलींचा संघ (१९१७) लोकप्रियतेत फार पुढे गेला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांच्या सामन्याला सुमारे ५३,००० प्रेक्षक होते. उत्पन्न मुख्यतः धर्मादाय कार्याला जाई. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांच्या सामन्यांना बंद केली. मैदान आपले नसले की संघ किती परस्वाधीन असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

पगार, करार आणि संचालक मंडळ हे तिन्ही निकष लावले तर १९४३ ची अमेरिकेतील महिला बेसबॉल लीग अधिक पटते. च्युइंगमचे कारखानदार व शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी ती चार संघांनिशी सुरू केली. खेळाडूंना आठवड्याला साधारण ४५ ते ८५ डॉलर मिळत. गंमत अशी, की आरंभी ती नफा न कमावणाऱ्या विश्वस्त पद्धतीची होती, खेळाडूंचे करार लीगकडे असत. संघ स्वतंत्र मालकांकडे गेले ते १९५१ च्या सुमारास, आणि १९५४ नंतर लीगच बंद पडली. डब्ल्यूएनबीए या अमेरिकी महिला बास्केटबॉल लीगची वाटचालही अशीच : १९९७ मध्ये संघ पुरुषांच्या एनबीए संघांशी जोडलेले, २००२ मध्ये नियम बदलल्यावर बाहेरच्या मालकांना दार उघडले. म्हणजे आधी केंद्रीय धारणा, मग विकेंद्रित मालकी. भारतात हा क्रम उलटला : मालक आधी ठरले, खेळाडू नंतर.

राजाश्रयाचा मुद्दा : फ्रँचायझी ही संस्थानी राजाश्रयाचीच पुढची पायरी, असे बडोदे-इंदूरकडच्या मराठी मंडळींत अभिमानाने म्हटले जाते. त्यात तथ्यांश आहे. होळकरांनी सी. के. नायडूंना इंदुरास आणले, विजय हजारे बडोदे संस्थानच्या सेवेत होते. पगार नोकरीचा आणि काम क्रिकेटचे, अशी ती सोय. मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच झालेल्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) यांनी ५७७ धावांची भागी केली, तो या आश्रयाचा कळस. हुतुतूचे नियम छापून अखिल भारतीय सामने भरवण्याचे काम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने केले, हेही नोंदले जाते. तरीही तुलना ताणू नये. संस्थानिक परवान्याचे शुल्क कुणाला देत नव्हता, प्रक्षेपणाचा वाटा मागत नव्हता. आणि पगारी महिला संघ या आश्रयाच्या इतिहासात सापडत नाही.

अर्थव्यवहार : महिला प्रीमियर लीगच्या पाच संघांचे हक्क २५ जानेवारी २०२३ रोजी एकूण ४,६६९.९९ कोटी रुपयांना गेले : अहमदाबाद १,२८९ कोटी, मुंबई ९१२.९९, बंगळूर ९०१, दिल्ली ८१० आणि लखनौ ७५७. पाचांपैकी तिघांकडे पुरुषांचे आयपीएल संघ आधीच होते. हक्क दहा हंगामांचे आहेत. पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला सुमारे १९० कोटी. पहिली पाच वर्षे यातील ८० टक्के संघांना, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. तो आकडा धरून समान वाटप केल्यास एका संघाच्या वाट्याला जेमतेम ३० कोटी येतात. अहमदाबादची बोली दहा वर्षांवर सरसकट विभागली तर वार्षिक बोजा जवळपास १२९ कोटी पडतो. उरलेली तफावत प्रायोजक, जर्सीवरील जाहिरात, तिकिटे आणि मुख्यतः हक्काची किंमत पुढे वाढेल या आशेवर भरून काढायची असते.

यात खेळाडूंचा हिस्सा लहान आहे, हे सहसा बोलले जात नाही. खरेदीची पर्स, म्हणजे एका संघाने खेळाडूंवर खर्चायची कमाल रक्कम, २०२३ मध्ये १२ कोटी होती, २०२५ मध्ये १५ कोटी. पहिल्या लिलावातील सर्वोच्च बोली स्मृती मानधनाची, ३.४० कोटी.

संचालन : हंगाम जेमतेम महिनाभराचा असतो, पण प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक आणि गावोगावचे सामने पाहून मुली हेरणारे लोक बराच काळ पोसावे लागतात. लिलावाच्या टेबलावर हातात पाटी धरणाऱ्याचे खरे काम आधी झालेले असते : कोणासाठी बोली किती रकमेवर थांबवायची, ते कागदावर ठरलेले. पुरुष संघ असलेल्या मालकाला ही यंत्रणा आयती मिळते. हॉकीत महिला लीग २०२५ च्या जानेवारीत रांचीला चार संघांनिशी झाली, ओडिशा वॉरियर्सने ती जिंकली. कबड्डीतील २०१६ चा तीन संघांचा प्रयोग एका हंगामापुरताच राहिला.

बडोदे : हालोल रस्त्यावरील कोटंबी येथील बडोदे क्रिकेट संघटनेच्या मैदानावर डिसेंबर २०२४ मध्ये भारत-वेस्ट इंडिज महिला एकदिवसीय सामने झाले. पाठोपाठ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिला प्रीमियर लीगचा तिसरा हंगाम येथेच सुरू झाला. उद्घाटनाच्या सामन्यात बंगळूरने गुजरात जायंट्सच्या २०१ धावा पार केल्या. सहा दिवसांत सहा सामने, पाचही संघ. गुजरातचे त्यात तीन, आणि ‘घरचा संघ’ म्हणून टाळ्याही त्यांनाच. वास्तविक हक्क अहमदाबाद शहराच्या नावाने घेतलेला. संघ बदलला की त्याच ड्रेसिंग रूमच्या दारावरची पाटी बदलते, आतल्या खुर्च्या त्याच राहतात. १५ फेब्रुवारीला मुंबई व दिल्ली समोरासमोर आल्या. मुंबईकडून यष्टीमागे यास्तिका भाटिया, दिल्लीकडून फिरकी गोलंदाज राधा यादव. दोघीही देशांतर्गत क्रिकेटमध्ये बडोद्याच्या. सामना शेवटच्या चेंडूवर दिल्लीने दोन गडी राखून जिंकला.