मॅझिनीच्या देशातून राजा गेला ते वर्ष : १९४६

मराठी वाचकाला मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं नवी नाहीत. सावरकरांनी मॅझिनीचं आत्मचरित्र १९०७ साली मराठीत आणलं आणि त्याला जोडलेली प्रस्तावना तेव्हाच्या तरुणांनी अक्षरशः पाठ केली. तेव्हापासून आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलंय : मॅझिनीने ध्यास दिला, गॅरिबाल्डीने तलवार चालवली आणि इटली एक झाली. एक झाली हे खरं. पण मॅझिनीला हवं होतं प्रजासत्ताक, आणि १८६१ साली एक झालेल्या इटलीच्या गादीवर बसला सावोय घराण्यातला दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल. याच घराण्याच्या राज्यात १८३३ साली मॅझिनीला फाशीची शिक्षा ठोठावली गेली होती. १८६६ मध्ये मेसिनाच्या मतदारांनी त्याला निवडून दिलं, तर तीच जुनी शिक्षा पुढे करून संसदेने निवडणूक रद्द केली. १० मार्च १८७२ रोजी तो पिसा शहरात, खोट्या नावाने राहत असताना वारला. त्याला हवं होतं ते प्रजासत्ताक यायला आणखी ७४ वर्षं लागली.

ते मॅझिनीच्या विचारांच्या बळावर आलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण त्याचा वारसा सांगणाऱ्या रिपब्लिकन पक्षाला १९४६ च्या घटना समितीत ५५६ पैकी फक्त २३ जागा मिळाल्या. राजेशाही कोसळली ती मुख्यतः राजाच्याच करणीने.

ही करणी सुरू होते ऑक्टोबर १९२२ मध्ये. मुसोलिनीचे काळे सदरे घातलेले फॅसिस्ट स्वयंसेवक रोमच्या दिशेने निघाले, तेव्हा पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी अंमल जारी करण्याचा हुकूम तयार ठेवला होता. हवी होती फक्त राजाची सही. तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने ती केली नाही, उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. पुढे जिथे सही करायला नको होती तिथे मात्र त्याचा हात थांबला नाही. १९३८ मध्ये ज्यू मुलांना आणि शिक्षकांना शाळेबाहेर काढणाऱ्या वंशभेदी कायद्यांवर त्याने सही केली. जून १९४० मध्ये त्याच्या संमतीने देश हिटलरच्या बाजूने युद्धात उतरला.

युद्ध हातचं जातंय हे दिसल्यावर २५ जुलै १९४३ रोजी राजाने मुसोलिनीला पदावरून काढलं. तेवढ्यावर कदाचित लोकांनी त्याला माफही केलं असतं. पण ८ सप्टेंबरला दोस्तांशी झालेला तह जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच राजा, त्याचं कुटुंब आणि पंतप्रधान बादोल्यो रोम सोडून दक्षिणेकडे निघून गेले. सैन्याला नीट आदेशही दिलेले नव्हते. जर्मनांनी सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिकांना पकडून छावण्यांत नेलं. संकटात राजधानी सोडून गेलेला राजा, ही आठवण पुसली जाणं शक्य नव्हतं.

इथून देशाचे दोन तुकडे झाले आणि १९४६ चा निकाल समजायचा तर हे तुकडे लक्षात ठेवावे लागतात. दक्षिण लवकर मोकळी झाली. उत्तरेने मात्र एप्रिल १९४५ पर्यंत जर्मन ताबा, सालो गावातलं मुसोलिनीचं कळसूत्री सरकार, गावोगावच्या कत्तली आणि डोंगरातल्या पार्तिजानांची, म्हणजे गनिमी लढवय्यांची, लढाई असं सगळं भोगलं. मधल्या पट्ट्यात दोस्तांचं सैन्य इंचाइंचाने वर सरकत होतं आणि त्यात आपले मराठे होते. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, वय अवघं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं.

राजा ठेवायचा की नाही हा प्रश्न युद्ध चालू असताना सगळ्या पक्षांनी बाजूला ठेवला होता. कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती यांनीही १९४४ च्या वसंतात आधी जर्मन, मग राजा अशीच भूमिका घेतली. जून १९४४ मध्ये रोम मुक्त झाल्यावर राजाने अधिकार मुलाकडे, उम्बेर्तोकडे सोपवले, पण मुकुट सोडला नाही. हा फैसला घटना समितीनेच करायचा, असं आधी ठरलं होतं. पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे मतदार या प्रश्नावर दुभंगलेले होते. सार्वमत झालं तर पक्षावरचा भार हलका होणार होता. मार्च १९४६ च्या हुकुमाने सार्वमत घ्यायचं ठरलं. मतदानाला महिना उरला नसताना, ९ मे रोजी म्हाताऱ्या राजाने गादी सोडली आणि तो इजिप्तला गेला. उम्बेर्तो दुसरा राजा झाला, जेमतेम महिनाभरासाठी. लोक अजूनही त्याला ‘मे महिन्याचा राजा’ म्हणतात.

मला या वर्षात सगळ्यात मोलाची वाटते ती बायकांची रांग. १ फेब्रुवारी १९४५ च्या हुकुमाने स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, पण त्यात उमेदवारीचा उल्लेखच राहून गेला होता. ती चूक दुरुस्त व्हायला वर्ष लागलं. १० मार्च १९४६ पासून नगरपालिकांच्या निवडणुका सुरू झाल्या आणि त्यांत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. मॅझिनीच्या स्मृतिदिनी, हा योगायोगच. मग आला २ जून, म्हणजे गॅरिबाल्डीची पुण्यतिथी. मतपत्रिकेची कड ओठांनी ओली करून चिकटवायची होती. तिच्यावर डाग पडला तर मत बाद होईल, म्हणून लिपस्टिक न लावता या, असं वर्तमानपत्रातून स्त्रियांना सांगितलं गेलं. मतपत्रिकेवर एका बाजूला सावोय घराण्याचं चिन्ह होतं, दुसऱ्या बाजूला प्रजासत्ताकाचं चिन्ह म्हणून बुरुजांचा मुकुट घातलेल्या स्त्रीचं मस्तक. ८९ टक्के मतदान झालं आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांची मतं संख्येने जास्त पडली. त्याच दिवशी निवडलेल्या घटना समितीत २१ स्त्रिया होत्या.

प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लाख मतं पडली, राजाला १ कोटी ७ लाख. ५४ टक्के विरुद्ध ४६. पण नकाशा पाहिला की काळजात चर्र होतं. उत्तरेत ट्रेंटो प्रांतात ८५ टक्के लोक प्रजासत्ताकाच्या बाजूने होते, तर दक्षिणेत नेपल्समध्ये जवळपास ८० टक्के राजाच्या. हा दक्षिणेच्या मागासपणाचा पुरावा मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. दक्षिणेने वीस महिन्यांचा तो जर्मन अंमल पाहिलाच नव्हता. तिथे राजा हा पळालेला माणूस कमी आणि मोडक्या घराचा उरलेला खांब जास्त होता.

निकाल शांतपणे लागला नाही. १० जूनला सर्वोच्च न्यायालयाने आकडे वाचून दाखवले, पण अंतिम घोषणा १८ तारखेवर ढकलली. बहुमत मोजायचं ते वैध मतांचं की कोऱ्या आणि बाद मतांसकट, असा वाद होता. तशा मतपत्रिका सुमारे १५ लाख होत्या. ११ जूनला नेपल्समध्ये व्हिया मेदिना रस्त्यावर राजनिष्ठांचा जमाव आणि पोलिस यांच्यात चकमक होऊन नऊ जण मेले. १२ जूनच्या रात्री मंत्रिमंडळाने राष्ट्रप्रमुखाचे अधिकार दे गास्पेरींकडे दिले. उम्बेर्तोने निषेधाचं निवेदन काढलं, पण तो लढला नाही. १३ जूनला विमानाने पोर्तुगालला निघून गेला. बाद मतं धरूनही प्रजासत्ताकाचं बहुमत टिकतच होतं.

पुढचे महिने धावपळीचे गेले. २२ जूनला न्यायमंत्री तोल्यात्तींनी तयार केलेली शिक्षामाफी जाहीर झाली आणि फॅसिस्ट राजवटीतले असंख्य लोक तुरुंगाबाहेर पडले. ज्यांची माणसं मारली गेली होती त्यांना ती फार लागली. घटना समिती २५ जूनला बसली. आपली संविधान सभा दिल्लीत बसली त्याच वर्षी ९ डिसेंबरला. हंगामी राष्ट्रप्रमुख म्हणून इटलीच्या घटना समितीने एन्रिको दे निकोला यांना निवडलं. ते नेपल्सचे आणि मनाने राजेशाहीवादी होते, म्हणूनच दक्षिणेला जवळचे. ऑगस्टमध्ये दे गास्पेरी पॅरिसच्या शांतता परिषदेत हरलेल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी इटलीच्या उत्तर टोकाच्या दक्षिण टिरोल भागातल्या जर्मनभाषकांबाबत ऑस्ट्रियाशी करार केला.

१ जानेवारी १९४८ ला राज्यघटना लागू झाली. कायद्यापुढची समानता सांगणाऱ्या तिसऱ्या कलमात ‘लिंगभेद न करता’ हे शब्द आले ते समितीतल्या लीना मेर्लिन यांच्या आग्रहामुळे. याच घटनेने सावोय घराण्याच्या पुरुष वारसांना देशात यायला बंदी केली, ती २००२ मध्ये उठली. आणि रोममध्ये मॅझिनीचं जे स्मारक उभारायचं एकोणिसाव्या शतकातच ठरलं होतं, त्याचं अनावरण २ जून १९४९ रोजी झालं.