मलिन्स की पेन: कार्बन ब्लॅकचं रबर नेमकं कशानं नरम पडलं?

कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक पूड) घातलेलं रबर ताणलं की नरम पडतं, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे कोणी त्याला मलिन्स परिणाम म्हणतं, कोणी पेन परिणाम, आणि संगणकावर सिम्युलेशन करणारा सॉफ्टवेअरच्या मेनूत सापडेल ते मॉडेल लावून मोकळा होतो. विचारायचं एवढंच असतं: रबर पूर्वी किती ताणलं गेलं होतं म्हणून नरम आहे, की आत्ता किती हलवलं जातंय म्हणून?

कोरी पट्टी दुप्पट लांबीपर्यंत ताणा, सोडा, परत ताणा. दुसऱ्या खेपेला बरंच कमी बळ पुरतं. तशीच अडीचपटीकडे नेली, तर दुप्पट ओलांडल्यावर आलेख पुन्हा पहिल्या खेपेच्या वाटेला लागतो. म्हणजे आजवरचं सर्वांत मोठं ताणणं रबराच्या लक्षात असतं. हा मलिन्स. बुआस आणि कारिएर यांनी हे 1903 सालीच नोंदवलं होतं, पण नाव पडलं ते 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या लिओनार्ड मलिन्स यांचं. गेलेला ताठपणा खोलीच्या तापमानाला फार सावकाश परत येतो, तापवल्यास लवकर. आत नक्की काय तुटतं किंवा सरकतं, यावर वाद अजून चालू आहे.

पेनची गोष्ट खूपच लहान हालचालींची आहे. डीएमए यंत्रात (नमुना लयीत हलवून ताठपणा मोजणारं यंत्र) स्ट्रेनचा आयाम, म्हणजे प्रत्येक हेलकाव्यातलं सर्वाधिक ताणणं, 0.1 टक्क्यापासून 10 टक्क्यांपर्यंत वाढवत नेला, की साठवण मॉड्युलस (ताठपणाचं माप) घसरत जातो, आणि मधेच कुठेतरी ऱ्हास मॉड्युलस (उष्णतेत जाणाऱ्या ऊर्जेचं माप) शिखर गाठतो. कार्बन ब्लॅकचे कण एकमेकांना दुबळ्या आकर्षणानं धरून जाळं करतात. ते हलवल्यावर तुटतं, पुन्हा जुळतं, आणि या तुटण्याजुळण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. आयाम कमी केला की बहुतेक ताठपणा परत. ए. आर. पेन यांनी 1960च्या दशकात हे तपशिलानं मोजलं.

फिलरमुळे, म्हणजे रबरात मिसळलेल्या कणांमुळे, ताठपणा किती वाढेल ते सांगणारं गूथ-गोल्डचं सूत्र इथे तोकडं पडतं. आकारमानानं 20 टक्के (φ = 0.2) फिलर घातला, तर 1 + 2.5φ + 14.1φ² प्रमाणे मॉड्युलस जेमतेम 2.06 पट व्हायला हवा. लहान आयामाला तो त्याहून कितीतरी जास्त भरतो, कारण कणांचं जाळं सूत्रात नाहीच. क्राउसच्या 1984च्या मॉडेलमध्ये ते आहे: तुटण्याचा आणि जुळण्याचा वेग समतोलात धरून मॉड्युलस आयामावर बसवला आहे.

टायरवाल्यांचा पैसा पेनमध्ये अडकलेला असतो. कार्बन ब्लॅकऐवजी घातलेल्या सिलिकाला सिलेन या जोडणाऱ्या रसायनानं रबराशी जोडलं की कणांचं आपसातलं जाळं ढिलं होतं, आणि चाक फिरताना जाणारी ऊर्जा कमी होते. मिशेलिननं 1992 च्या सुमारास सिलिकाचे टायर बाजारात आणले ते याच हिशेबानं.

प्रयोगशाळेत दोन्ही एकाच नमुन्यात मिसळतात. म्हणून आयाम बदलत मोजण्याआधी नमुना मोजणीतल्या नियोजित कमाल ताणापेक्षा थोडा जास्त, चारपाच वेळा ताणून घ्यावा आणि जाळं जुळायला थोडा वेळ द्यावा. नाहीतर कोऱ्या नमुन्यातली मलिन्सची घसरण पेनच्या खात्यात जाते.

इंजिन माउंटला (इंजिन धरणाऱ्या रबरी आधाराला) सिम्युलेशनमध्ये नुसतं ऑग्डेन-रॉक्सबर्ग मॉडेल (1999) लावणाऱ्यांची फसगत उलट बाजूनं होते. ते मॉडेल मलिन्ससाठी आहे. पूर्वीच्या कमालच्या आत त्यात चढउतार एकाच वक्रावरून होतो, वळसा (चढ आणि उतार यांच्या वाटांमधलं अंतर, म्हणजे उष्णतेत जाणारी ऊर्जा) उरतच नाही. संगणकात माउंट कितीही थरथरवा, तो तापतच नाही.