व्हिडिओ गेम उद्योग : १९८३

व्हिडिओ गेम उद्योगाच्या इतिहासात १९८३ हे वर्ष मुख्यतः दोन घटनांमुळे महत्त्वाचे ठरते : उत्तर अमेरिकेतील घरगुती गेमच्या बाजाराची पडझड आणि जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ (फॅमिकॉम) या यंत्राचे आगमन. पहिली घटना ‘१९८३ चा क्रॅश’ या नावाने, तर जपानमध्ये ‘अटारी शॉक’ या नावाने ओळखली जाते.

पडझड केव्हा सुरू झाली, याबाबत मतभेद आहेत. जुन्या संदर्भग्रंथांत सरसकट १९८३ असे वर्ष दिलेले आढळते. मात्र शेअर बाजाराचा पुरावा धरल्यास प्रारंभ ७ डिसेंबर १९८२ पर्यंत मागे नेता येतो. त्या दिवशी अटारी या आघाडीच्या अमेरिकन गेमकंपनीने चौथ्या तिमाहीतील विक्रीवाढ अपेक्षित ५० टक्क्यांऐवजी १० ते १५ टक्केच राहील असे जाहीर केले आणि तिची मालक कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या शेअरचा भाव लागलीच सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. दुकानदारांच्या दृष्टीने खरा फटका १९८३ च्या पहिल्या सहामाहीत, नाताळचा उरलेला माल परत पाठवण्याची वेळ आली तेव्हा बसला. ही दुसरी कालगणना अधिक ग्राह्य वाटते, कारण शेअरचा भाव ही अपेक्षेची नोंद असते, तर परतीचा माल ही प्रत्यक्ष तोट्याची. अमेरिकेतील घरगुती गेमची उलाढाल ३.२ अब्ज डॉलरवरून १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आली, असे सर्वत्र उद्धृत केले जाते. परंतु यातील पहिला आकडा काही ठिकाणी १९८२ चा, तर काही ठिकाणी १९८३ चा म्हणून दिलेला असल्याने तो जपूनच वापरावा.

कारणमीमांसा : सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण ‘ई. टी.’ या गेमचे आहे. त्याच नावाच्या चित्रपटावरून अटारीचे प्रोग्रॅमर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी तो सुमारे पाच आठवड्यांत तयार केला. हक्कांसाठी अटारीने २ ते २.५ कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. डिसेंबर १९८२ मध्ये तो बाजारात आला आणि बनवलेल्या कार्ट्रिजपैकी (यंत्रात बसवायच्या गेमच्या डब्यांपैकी) बराच मोठा भाग विकलाच गेला नाही. तथापि एकट्या गेमने एवढा बाजार बुडवला हे मत टिकणारे नाही. त्या गेमला पाच आठवडेच मिळाले, कारण नाताळची तारीख आधीच ठरलेली होती; आणि त्याआधी, मार्च १९८२ मध्ये आलेली ‘पॅक-मॅन’ची घरगुती आवृत्ती निकृष्ट असूनही लाखोंनी खपली होती. दोष एका गेममध्ये शोधण्याऐवजी मालाच्या साखळीत शोधणे अधिक सयुक्तिक आहे.

ही साखळी समजण्यासाठी यंत्राच्या रचनेकडे पाहावे लागते. सप्टेंबर १९७७ मध्ये आलेल्या अटारी २६०० (मूळ नाव व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम) या यंत्रात ६५०७ हा प्रक्रियक आणि अवघी १२८ बाइट रॅम होती. संपूर्ण पडद्याचे चित्र साठवण्याइतकी स्मृतीच नसल्याने टीव्हीवरील प्रत्येक आडवी रेषा उमटत असताना प्रोग्रॅमला ‘टिया’ या चित्र उमटवणाऱ्या चिपला पुढच्या रेषेची माहिती त्या क्षणी पुरवावी लागे. कार्ट्रिजमधील रॉम (गेम कायमचा साठवलेली चिप) थेट प्रक्रियकाला जोडली जाई आणि तिची मर्यादा ४ किलोबाइट होती. पुढे ‘बँक स्विचिंग’ने, म्हणजे रॉमचे तुकडे आलटून पालटून समोर आणून, ती ८ किलोबाइट व त्याहून अधिक करण्यात आली. या सर्व रचनेत कार्ट्रिज कोणी बनवली आहे हे तपासणारे एकही कुलूप नव्हते. ज्याला ‘टिया’चा हिशेब जमला त्याला गेम बनवून विकता येत असे.

हे प्रथम जमले ते अटारी सोडून गेलेल्या प्रोग्रॅमरांना. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर व बॉब व्हाइटहेड यांनी जिम लेव्ही यांच्यासह १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन या गेमकंपनीची स्थापना केली. अटारीने दावा लावला; १९८२ मध्ये तडजोड होऊन त्रयस्थ कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर क्वेकर ओट्ससारखी ओटचे पीठ विकणारी कंपनीही ‘यू. एस. गेम्स’ या शाखेद्वारे या धंद्यात उतरली.

वितरणाची चूक याहून गंभीर होती. मागणी पुरवता येत नसल्याने अटारी वितरकांना मागवलेल्या मालाचा काही भागच देत असे. म्हणून वितरक गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवीत. १९८१ च्या अखेरीस अटारीने १९८२ या संपूर्ण वर्षाची मागणी एकदमच नोंदवायला सांगितले. वितरकांनी सवयीने आकडे फुगवले. पुढे कारखान्यांची क्षमता वाढली, प्रतिस्पर्ध्यांचे गेमही आले आणि फुगवलेली मागणी खरीच पुरी होऊ लागल्यावर ती रद्द करण्याची रांग लागली. न विकलेला माल परत घेण्याचा रिवाज होता, पण लहान कंपन्यांकडे परताव्याला पैसे नव्हते आणि त्यांतील काही बुडाल्याच होत्या. दुकानदारांनी मग ३० ते ३५ डॉलरच्या कार्ट्रिज ५ डॉलरला टोपल्यांतून विकायला काढल्या. त्या टोपलीशेजारी पूर्ण किमतीचा चांगला गेमही खपेना. पडझडीचा गाभा येथे आहे.

घरगुती संगणकांच्या किंमतयुद्धाला काही अभ्यासक यापेक्षा अधिक महत्त्व देतात. ऑगस्ट १९८२ मध्ये ५९५ डॉलरला आलेल्या कमोडोर ६४ ची किंमत १९८३ मध्ये २०० डॉलरच्या आसपास उतरली. कमोडोरचे प्रमुख जॅक ट्रॅमियल यांच्या या डावपेचापुढे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकातून माघार घेतली. गेमही खेळता येतो आणि अभ्यासही होतो, ही जाहिरात पालकांना पटत होती. हे कारण पूरक मानावे, मुख्य नव्हे.

अटारीला १९८३ मध्ये ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अध्यक्ष रे कसार जुलैमध्ये पायउतार झाले. सप्टेंबरच्या अखेरीस टेक्ससमधील एल पासो येथील कारखान्यातून निघालेला माल न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरण्यात आला व वरून काँक्रीट ओतण्यात आले. ट्रकची संख्या १० ते २० अशी वेगवेगळी दिली जाते. पुढील तीस वर्षे अनेकांनी ही दंतकथाच मानली. २६ एप्रिल २०१४ रोजी एका माहितीपटाच्या निमित्ताने तेथे उत्खनन झाले आणि चेपलेल्या खोक्यांतून सुमारे १,३०० कार्ट्रिज वर आल्या. त्यांत ‘ई. टी.’ होता, पण इतर अनेक गेमही होते. पुरण्याच्या कामावर देखरेख केलेल्या माजी अधिकाऱ्याने एकूण संख्या सुमारे ७,२८,००० सांगितली; कित्येक दशलक्ष ‘ई. टी.’ पुरल्याच्या जुन्या कथेला या उत्खननाने दुजोरा मिळत नाही.

जपान : १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोचा फॅमिकॉम (१४,८०० येन) आणि सेगा कंपनीचे एसजी-१००० (१५,००० येन) एकाच दिवशी विक्रीस आले. मासायुकी उएमुरा यांनी रचना केलेल्या फॅमिकॉमसोबत ‘डाँकी काँग’, ‘डाँकी काँग ज्युनियर’ व ‘पोपाय’ हे तीन गेम होते. यंत्रात २ किलोबाइट कार्यस्मृती आणि चित्रासाठी स्वतंत्र चिप होती. एका वेळी ६४ हलती चित्रे पडद्यावर दाखवता येत, त्यांपैकी एका रेषेत आठच. दोन्ही कंट्रोलर वायरीने यंत्राला कायमचे जोडलेले होते, आणि दुसऱ्यात मायक्रोफोन होता. आरंभीच्या यंत्रांत दोष निघाल्याने निन्टेन्डोने ती परत मागवून मुख्य सर्किट बदलून दिले. कंपनीला हा खर्च जड होता, पण ग्राहकांचा विश्वास त्यातूनच टिकला असे म्हणता येते. १९८४ च्या अखेरीस फॅमिकॉम जपानमधील सर्वाधिक खपाचे गेमयंत्र झाले. महाराष्ट्रातील घरांत १९९० च्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे आणि ज्या ‘कॅसेट’ आल्या, त्या बहुतांशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. जून १९८३ मध्ये जाहीर झालेले एमएसएक्स हे संगणकांचे समान मानक (आस्की व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांचे) आणि युजी होरी यांचा ‘पोर्टोपिया’ हा रहस्यकथेवरील गेमही जपानमधीलच.

अन्यत्र : ही पडझड जागतिक नव्हती. ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर ध्वनिफितीतून विकले जाणारे स्वस्त गेम जोमात होते; ‘जेटपॅक’ आणि मॅथ्यू स्मिथ यांचा ‘मॅनिक मायनर’ हे दोन्ही १९८३ चे. अमेरिकेतही संगणकावरील गेम बहरले : ‘लोड रनर’, ‘अल्टिमा ३’, ‘एम.यू.एल.ई.’. आर्केडमध्ये (नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांच्या दालनात) लेझरडिस्कवरील ‘ड्रॅगन्स लेअर’ने हाताने काढलेले ॲनिमेशन आणले आणि खेळामागे २५ ऐवजी ५० सेंट घेतले. त्याच वर्षीचे ‘मारिओ ब्रदर्स’ आणि अटारीचे ‘स्टार वॉर्स’ हेही उल्लेखनीय.

उत्तरकाल : मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९८४ मध्ये गेमविभाग बंद केला. कमोडोर सोडलेल्या ट्रॅमियल यांनी जुलै १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग विकत घेतला. ऑक्टोबर १९८५ मध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉमची बदललेली आवृत्ती न्यूयॉर्कमध्ये विकायला काढली, तेव्हा यंत्रात आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एकमेकींना ओळखणाऱ्या चिप बसवलेल्या होत्या; निन्टेन्डोच्या परवानगीशिवाय बनवलेली कार्ट्रिज सहसा त्यावर चालत नसे.