कडपट्ट्या, बाह्य गिलाव्यातील धातूच्या

भिंतीच्या बाहेरील गिलाव्याचे कोपरे, खालच्या कडा आणि सांधे सरळ व टणक राहावेत म्हणून गिलाव्यातच गाडलेल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या. बाजारात त्यांना ‘बीड’ किंवा ‘बीडिंग’ म्हणतात. पट्टीला दुमडून काढलेली धार असते आणि बाजूंना जाळीदार पंख असतात. पंखांच्या छिद्रांत गिलाव्याचा माल शिरला की पकड येते.

उगम : युरोपात घराच्या आतील कोपऱ्यांवर पूर्वी लाकडी पट्टी बसवीत. धातूच्या पट्टीचा संबंध सहसा ताणून केलेल्या जाळीपत्र्याशी जोडला जातो. त्याचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत जॉन फ्रेंच गोल्डिंग यांनी १८८० च्या दशकात घेतले. तथापि, साध्या पत्र्याला छिद्रे पाडूनही पंख करता येतात. म्हणून एकट्या एकस्वावरून पट्टीचे वय ठरवणे धाडसाचे होईल; बाह्य गिलाव्यातील तिचा सर्रास वापर विसाव्या शतकातला मानणे अधिक सुरक्षित.

प्रकार : कोपरापट्टी, गिलावा जिथे संपतो तिथली थांबपट्टी, जोत्यावर पाणी भिंतीपासून दूर टाकणारी बेलकास्ट पट्टी आणि सांधापट्टी. धारेची उंची गिलाव्याच्या जाडीप्रमाणे निवडतात. बेलकास्ट पट्टी ओलावारोधक थराच्या वर, जमिनीपासून साधारण १५० मिमी उंचीवर असावी. ती त्या थरावरून खाली उतरली, तर जमिनीतली ओल गिलाव्यातून वर चढते.

धातूची निवड : वाद मुख्यतः इथे आहे. जस्तलेपित पट्टीवर सामान्यतः दर चौ. मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते. हे वजन दोन्ही बाजू मिळून असल्याने एका बाजूला थर जेमतेम २० मायक्रॉनचा पडतो. ताज्या सिमेंटचा सामू १२.५ च्या वर असतो. त्यात जस्त आधी थोडे विरघळते, हायड्रोजन सुटतो, मग कॅल्शियम हायड्रॉक्सिझिंकेटचा संरक्षक थर जमतो. जस्तलेपाचे समर्थक याच थरावर भिस्त ठेवतात. पण हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पुढे गिलाव्याची अल्कता घटते आणि खारे वारे क्लोराइड आणतात. धारेवर तर मालाचे आवरण जवळजवळ नसतेच. त्यामुळे उघड्या भिंतींसाठी स्टेनलेस स्टीलला दिलेली पसंती सयुक्तिक वाटते; मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याला ती अधिकच लागू पडते. तिथे ३१६ प्रतीचे पोलाद ३०४ पेक्षा बरे. लेप नसलेले अॅल्युमिनियम मात्र ओल्या सिमेंटात वापरू नये. सिमेंटची अल्कता त्याला खाते.

बसवणी : पट्टी ओळंब्यात धरून गिलाव्याच्याच मालाच्या गोळ्यांवर, सुमारे ६०० मिमी अंतराने, दोन्ही पंख दाबून टेकवतात. लवकर घट्ट होते म्हणून पीओपीचे गोळे वापरण्याची खोड बाहेरच्या कामात घातक आहे. ओल पोचली की जिप्सम आणि सिमेंट यांच्या अभिक्रियेतून एट्रिंजाइट हे स्फटिकी संयुग तयार होते, ते फुगते आणि कोपरा सुटतो. स्टेनलेस पट्टीला जस्तलेपित खिळे मारले तर ओलीत आधी खिळेच झिजतात, कारण मोठ्या पृष्ठभागापुढे लहान खिळा धनाग्र (झिजणारी बाजू) ठरतो. जस्तलेपित पट्टी कापल्यावर टोकाचे पोलाद उघडे पडते; त्यावर जस्तयुक्त रंग लावतात. सांधापट्टी इमारतीच्या सांध्यावर नेमकी यावी. ती थोडी जरी सरकली, तरी तडा पट्टीशेजारून जातो.

भारतात : बाह्य गिलावा बहुधा १२ आणि ८ मिमी अशा दोन थरांत होतो. कोपऱ्यावर पट्टीऐवजी एका बाजूला फंटी (सरळ फळी) धरून गवंडी हातानेच धार काढतो. काँक्रीट आणि विटांच्या जोडावर चिकनमेश (बारीक तारेची जाळी) लावतात.

चुन्याचा गिलावा : जुन्या वास्तूंच्या जतनकामात या पट्ट्या टाळाव्यात. चुन्याचा कोपरा मुळात किंचित गोलसर असतो आणि पत्र्याची कडक रेघ त्याला शोभत नाही. शिवाय चुना ओल घेतो व सोडतो; ती ओल पत्र्यापाशी पोचली की गंज धरतो.