राळ, कापूर आणि टेबलफॅन

'टीकेची राळ उडवली' असं आपण रोज वाचतो. ही राळ वर्तमानपत्रात आली ती रंगभूमीवरून. साल वृक्षाचा चीक वाळवून, कुटून केलेली ही पूड. मूठभर घ्यायची आणि पेटत्या मशालीवर फेकायची. भप्पकन पुरुषभर ज्वाळा उठते आणि तितक्यातच विझते. मागे धूर आणि देवळातल्या धुपासारखा वास. राळेचा खडा असा भडकत नाही. बारीक पूड हवेत विखुरली की कणाकणाला चहूबाजूंनी हवा मिळते, म्हणून सगळी एकदम पेट घेते. युरोपातले नाटकवाले हेच काम लायकोपोडियम या शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीच्या बीजाणूंकडून करून घेत.

गोव्यातल्या देवळांपुढे काला, दशावतार अशी लोकनाट्यं व्हायची तेव्हा राक्षस यायचा तो राळेच्या भडक्यातून. वर आभाळ, खाली शेणाने सारवलेली जमीन, नेपथ्य म्हणून फार तर एक बाक. ठिणगी पडली तरी पेटवणार काय? त्या काळच्या लोकांना सुरक्षेचं भान होतं असं मी म्हणणार नाही. रंगमंचच असा होता की भान नसलं तरी निभावून जाई.

संगीत नाटकांचं वेड गावोगावी पोचलं आणि गणित बदललं. जत्रेच्या हौशी नाटकालाही रंगवलेले पडदे हवे झाले. राजवाडा, रस्ता, अरण्य. त्यावर झालरी, बाजूला विंगा, डोक्यावर नारळाच्या झापांचा मांडव आणि त्याला टांगलेल्या गॅसबत्त्या. आग तीच राहिली, भोवती मात्र जळाऊ माल आला.

शाळेत असताना मी फोंड्याकडच्या एका उत्सवी नाटकात राळेचा डबा धरून विंगेत उभा होतो. प्रवेश लाक्षागृहाचा. राळ उडवणाऱ्या काकांनी उत्साहाच्या भरात मूठ जरा मोठी घेतली आणि वरची झालर धरली. प्रॉम्प्टरने वही टाकून झालर ओरबाडली, विंगही ओढून पाडली, कुणी घागर ओतली. कुणाला भाजलं नाही. पुढचं नाटक मात्र विंगेशिवाय झालं आणि आत जाऊन विडी ओढणारा भीम साऱ्या गावाने पाहिला.

कापडाची ही धास्ती फार जुनी. नाटकगृहातलं कापड पेट घेऊ नये म्हणून फ्रान्सच्या अठराव्या लुईने गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाला कामाला लावलं. १८२१ मध्ये त्याने जे क्षार सुचवले, त्यांत अमोनियम फॉस्फेटबरोबर आपल्या ओळखीचे नवसागर आणि टाकणखारही होते. अशा द्रावणात बुडवून वाळवलेलं कापड काळवंडतं, पण ज्वाळा धरून पसरवत नाही. पडदा धुतला की क्षारही वाहून जातात, हे मात्र हौशी मंडळी हमखास विसरतात.

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा थिएटरात तर रंगमंचावर आगीचा प्रवेशही नव्हता. दिव्याची ठिणगी पडद्याला लागली, आग अडवायचा ॲस्बेस्टॉसचा पडदा खाली येता येता अडकला आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

विजेने आगीला पर्याय दिला. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्येच विजेवर गेलं. आपल्याकडच्या बहुतेक गावांत वीज आली ती १९६१ च्या गोवामुक्तीनंतर. पुढे कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेमुळे गावातली मंडळं बंदिस्त सभागृहात उतरली. तिथे धुराला वाट नाही आणि मशाल आत नेऊ देत नाहीत. मग प्रकाशयोजना करणाऱ्यांनी टेबलफॅनला हाताशी धरलं. खोक्यात पंखा उताणा ठेवायचा, पांढऱ्या पातळ रेशमाच्या जिभा कापून वर बांधायच्या, खालून लाल आणि पिवळा उजेड सोडायचा. जिभांची लांबी सारखी ठेवलीत तर ज्वाळा नव्हे, झालर दिसते. आता एलईडी आल्याने खोकं तापतही नाही. जोडीला ग्लायकोल-पाण्यावर चालणारं धुराचं मशीन असतं. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, मात्र जपून वापरावा. त्याचा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि खड्ड्यात बसलेल्या प्रॉम्प्टरचा श्वास कोंडू शकतो.

गावात अजून घोडं अडतं ते कापरावर. रोज आरतीला हातात धरतो, त्याची कसली भीती, असं म्हणत होमकुंडात मूठभर टाकतात. आरतीत एक वडी असते आणि जवळपास पडदा नसतो, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या मंडळाने होम विजेवर नेला. समिधांखाली नारिंगी दिवा असतो. ऋषींनी रिकामी पळी ओतून 'स्वाहा' म्हटलं की विंगेतून डिमर चढवायचा. मागच्या उत्सवात डिमरवाल्याला डुलकी लागली आणि ऋषींना लागोपाठ तीनदा स्वाहा म्हणावं लागलं, तिसरं तर थेट त्याच्याकडे बघून.