मॉनिटरचा फोटो नको, स्क्रीनशॉट पाठवा

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

कॉम्प्युटर अडला की बरेच जण मोबाइल काढून मॉनिटरचा फोटो घेतात आणि आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करतात. त्यात ट्यूबलाइट दिसते, पंखा दिसतो, एररचा नंबर तेवढा दिसत नाही. मग मे महिन्याच्या उन्हात आमचा मुलगा सीताबर्डीहून इतवारीत येतो आणि काम निघतं दोन मिनिटांचं! स्क्रीनशॉट नीट आला तर अशी कामं फोनवरच होतात, तुमचे व्हिजिटचे पैसेही वाचतात.

विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही दाबावं लागतं. पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये फाइल तयार होते. एररसाठी हीच पद्धत वापरा, कारण मागे कोणतं सॉफ्टवेअर उघडं होतं, खाली घड्याळात किती वाजले होते, हे सगळं आम्हाला लागतं. नुसता एररचा डबा कापून पाठवला तर पुन्हा फोन करून विचारावंच लागतं.

बिलातला एखादा आकडा कुणाला दाखवायचा असेल तेव्हा मात्र विंडोज, शिफ्ट आणि एस दाबा आणि माउसने हवा तेवढा चौकोन ओढा. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर कंट्रोल आणि व्ही दाबलं की तो पेस्ट होतो. अजून विंडोज ७ चालवणाऱ्यांनी प्रिंट स्क्रीन दाबून पेंटमध्ये पेस्ट करून सेव्ह करावं (आणि नव्या मशीनचा विचारही करावा). मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ३. चित्र डेस्कटॉपवर येतं.

अक्षरं बारीक असतील तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि आकडे फिसकटतात.

पाठवण्याआधी स्क्रीनवर नजर टाका. आधार नंबर, बँकेतली शिल्लक, गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर पेंटमध्ये काळ्या भरीव चौकोनाने झाका. हायलायटर फिरवून भागत नाही, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. विंडोजचं स्निपिंग टूलही अपडेट ठेवा. २०२३ मध्ये त्यात एक दोष सापडला होता: चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहायचा. मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त केला, पण अपडेट बंद ठेवणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. ओटीपी आणि पासवर्ड आम्ही कधीच मागत नाही, आमच्या नावाने कुणी मागितले तर देऊ नका.

दुकानदारांनो, यूपीआय पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नव्हे. तो बनवता येतो. खात्यात जमा दिसल्याशिवाय माल सोडू नका. आम्हीही आमचं बिल तसंच तपासतो, राग मानू नका.

स्क्रीनशॉटखाली दोनच गोष्टी लिहा: एरर येण्याआधी काय क्लिक केलं आणि मशीन बंद-चालू करून पाहिलं का.