मत्स्यसाठा मूल्यमापन

मत्स्यसाठा मूल्यमापन : समुद्रात किंवा जलाशयात एखाद्या जातीचे मासे किती आहेत, कोणत्या वयाचे आहेत आणि त्यांतले किती धरले तरी उरलेल्यांची वीण पुरेल, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. एका पाण्यात वावरणाऱ्या आणि आपसांत प्रजनन करणाऱ्या एका जातीच्या माशांना मिळून ‘साठा’ म्हणतात. मासेमारीचा बंदी-काळ, जाळ्याची आस (छिद्राचे माप), माशाचे किमान आकारमान हे सगळे नियम याच अंदाजावर उभे असतात.

तलावात हे काम तुलनेने सोपे असते. हजार मासे पकडून, खूण करून सोडले आणि काही दिवसांनी पकडलेल्या पाचशेंत वीस, म्हणजे पंचवीसांत एक, खुणेचे निघाले, तर तलावात सुमारे पंचवीस हजार मासे असावेत. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ सी. जी. योहानेस पेटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करण्याची ही रीत रूढ केली. खुल्या समुद्रात मात्र मासे येतात-जातात, खुणेचे मासे दूर निघून जातात. तिथे ध्वनिलहरींनी थव्यांचा वेध घेणे, पाण्यातली अंडी मोजून त्यावरून माद्यांचा अंदाज करणे, ठरलेल्या जागी संशोधन-नौकेने जाळे ओढणे असे उपाय योजतात. ते खर्चीक असतात. म्हणून भारतात मुख्य भिस्त बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदीवर आहे.

ही नोंद १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था ठेवते. निवडलेल्या बंदरावर संस्थेचा निरीक्षक पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा हजर असतो. मधल्या रात्रीचा माल चौकशी करून लिहिला जातो. पंधरापर्यंत बोटी लागल्या तर सगळ्यांची नोंद होते, जास्त लागल्या तर त्यांतल्या काही निवडतात. बोट किती दिवस बाहेर होती, जाळे कोणते होते, कुठल्या जातीच्या किती टोपल्या भरल्या, हे लिलावाच्या गलक्यात, बर्फाच्या पाण्यात उभे राहून विचारायचे असते. देशाच्या सागरी मासळीचा आकडा अशा नोंदींतून तयार होतो. त्यामागचे हे कष्ट फारसे कोणाला ठाऊक नसतात, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

वजनाइतकीच लांबीही महत्त्वाची. थंड समुद्रातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वार्षिक वलये उमटतात, त्यावरून वय कळते. आपल्या उष्ण पाण्यात ऋतूंचा फरक कमी, म्हणून वलये पुसट असतात. त्यामुळे महिनोन्‌महिने शेकडो माशांची लांबी मोजून वाढीचा वेग काढतात. मोठे मासे कमी होत जाऊन सरासरी लांबी घटू लागली, तर मासेमारीचा ताण वाढला असण्याची शक्यता मोठी.

एका फेरीमागे किंवा तासामागे किती मासळी मिळते, हेही पाहतात. पण या मापाने मोठा घात केलेला आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर १९६८ मध्ये सुमारे आठ लाख टन कॉड मासा धरला गेला होता. १९८०च्या दशकात साठा आक्रसत असतानाही ट्रॉलरना भरपूर मासळी मिळत राहिली, कारण उरलेले मासे दाट थव्यांनी गोळा होत आणि आधुनिक यंत्रे ते थवे अचूक शोधत. साठ्याचे अंदाज त्यामुळे फुगले. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार मासा कमी आणि लहान येतो, असे सांगत होते. त्यांचे वेळीच ऐकले गेले नाही. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. ती मर्यादित प्रमाणात पुन्हा खुली व्हायला २०२४ साल उजाडले.

प्रत्येक घट जाळ्यामुळेच होते असे नाही. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन मिळालेली तारली २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. त्यात लहान तारली उपसण्याइतकाच समुद्राच्या बदलत्या स्थितीचाही वाटा होता. म्हणून तापमान आणि प्रवाह यांची नोंद आता मूल्यमापनात धरतात. २०२२ मध्ये तपासलेल्या भारतीय किनाऱ्यावरच्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के शाश्वत स्थितीत असल्याचे संस्थेने नोंदवले; पण अशी सरासरी एखाद्या लाडक्या माशाची ओढाताण झाकू शकते.

महाराष्ट्रात तो मासा पापलेट. सत्तरच्या दशकापर्यंतच्या वार्षिक सरासरीच्या मानाने त्याची आवक सुमारे निम्म्यावर आली आहे. २०२३ मध्ये तो राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवले, पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. अडचण डोल जाळ्याची. भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या या जाळ्याची शेपटाकडची आस बारीक असते, कारण ते बोंबील आणि जवळ्यासाठी असते. तळहाताएवढी पापलेटची पिल्ले त्यात आपोआप सापडतात. ती मेलेल्या अवस्थेत समुद्रातच टाकली, तर बंदरावरच्या वहीत त्यांची ओळच पडत नाही. साठ्याच्या गणितात ती जणू जन्मलीच नव्हती असे धरले जाते. हा खड्डा भरायला बोटीवरच्या तांडेलाची (बोटीच्या प्रमुखाची) नोंदच हवी, आणि कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायट्यांना बरोबर घेतल्याखेरीज ती मिळणार नाही.